एक गळा आणि चार गाणी : एका स्पर्धकाच्या गाणेनिवडीचं प्रकरण

टीव्हीवरच्या गाण्यांच्या स्पर्धा बघणाऱ्या घरांत एक वाक्य दर आठवड्याला ऐकू येतं : "गायली चांगली, पण गाणं चुकलं." बोलणारा मनोमन धरून चालतो की गाणं तिने एकटीने, हवं ते, निवांत बसून निवडलं. प्रत्यक्षात ते कसं निवडलं जातं, कोणाकोणाच्या हातून जातं आणि गाणारीच्या हातात शेवटी किती उरतं, हे एका प्रकरणात मला जवळून बघायला मिळालं. स्पर्धक माझ्या मैत्रिणीची मुलगी. मी गाणारी नाही, आयुष्यभर ऐकणारी आहे. त्यामुळे यादी पाठवायची वेळ आली की मला फोन यायचा. वाहिनी, वर्ष आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. गाण्यांची नावं ठेवली आहेत, कारण त्यांच्याशिवाय यात सांगण्यासारखं काही उरत नाही.

पार्श्वभूमी

मुलगी विशीतली. लहानपणापासून एकाच बाईंकडे ख्यालाची तालीम. काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून, गाते. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, आणि मध्य सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात आवाज भरदार, थोडा खर्जाकडे झुकणारा. तार गंधाराच्या, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ग'च्या, पुढे तो बारीक होतो. बेसूर नाही, पण वजन जातं. बैठकीत हे फारसं जाणवत नाही. टीव्हीच्या माइकवर, मागे पंधरा वाद्यं वाजत असताना, लगेच जाणवतं.

निवडचाचणीत तिने 'घेई छंद मकरंद' गायलं आणि पुढच्या फेरीत एक अभंग. दोन्ही वेळा परीक्षक खूश. 'घेई छंद' ज्यातलं, ते 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ चं आणि त्यातली पदं वसंतराव देशपांड्यांच्या गळ्यातली, पण २०१५ च्या चित्रपटानंतर ती शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. म्हणजे तिने पहिल्याच भागात अशी जागा निवडली होती जिथे जुना श्रोता आणि नवा श्रोता दोघेही ओळखीचं हसतात. हे तिने ठरवून केलेलं नव्हतं. येत होतं ते गायली.

या स्पर्धांचा इतिहास थोडक्यात लक्षात घ्यायला हवा. १९९५ मध्ये झी टीव्हीवर सोनू निगमच्या सूत्रसंचालनात 'सा रे ग म' सुरू झालं तेव्हा निकाल परीक्षकांच्या हातात असे आणि मुलं परीक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून गाणं निवडत. २००४ मध्ये 'इंडियन आयडल' आलं, प्रेक्षकांच्या एसएमएसवर विजेता ठरू लागला, आणि २००५ मध्ये अभिजीत सावंत पहिला विजेता झाला. तेव्हापासून प्रत्येक स्पर्धकाला एकाच गाण्यात दोघांना राजी करावं लागतं : समोर बसलेल्या तिघांना आणि घरात बसलेल्या लाखोंना. या दोघांना एकच गोष्ट आवडते असं नाही. मराठीत २००८-०९ च्या 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'मधली मुलं आजही नावानिशी आठवतात, यामागे त्यांचा गोड गळा जितका आहे तितकंच हेही आहे की प्रत्येकाचा बाज वेगळा ओळखू येत होता. आळंदीची कार्तिकी गायकवाड अभंग-गवळणींच्या ढंगाने लक्षात राहिली, आणि जिंकलीही.

आता यादीची पद्धत. आमच्या प्रकरणातल्या कार्यक्रमात ती अशी होती. भागाचा विषय कळला की स्पर्धकाने पसंतीच्या क्रमाने काही गाणी कळवायची. यादी क्रिएटिव्ह टीमकडे जाते. गाण्याचे हक्क ज्या कंपनीकडे आहेत तिच्याशी वाहिनीचा व्यवहार नसेल तर गाणं तिथेच बाद. एका भागात एकच गाणं दोघांना देत नाहीत, त्यामुळे ज्याची यादी आधी पोचते त्याला मिळतं. मग संगीत संयोजक ते अडीच मिनिटांत बसवतो : मुखडा म्हणजे ध्रुवपद, एक अंतरा म्हणजे कडवं, फार तर दीड, आणि शेवट. तालमीला मिळतो एखादा दिवस. चित्रीकरण एकदमच दोन-तीन भागांचं होतं, त्यामुळे दुपारी तयार होऊन बसलेल्या मुलीची पाळी मध्यरात्री येऊ शकते.

अडचण

तिसऱ्या आठवड्यात एका परीक्षकाने म्हटलं, "तू शास्त्रीय अंगाचं छान गातेस, पण आता व्हर्सटॅलिटी दाखव." हे वाक्य प्रत्येक स्पर्धेत, प्रत्येक शास्त्रीय शिकलेल्या मुलीला ऐकवलं जातं. ते सल्ला म्हणून येतं आणि हुकूम म्हणून ऐकलं जातं.

पुढचा विषय होता भावगीत. तिने यादीत पहिलं गाणं लिहिलं 'श्रावणात घननिळा बरसला'. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे, लता मंगेशकर. शास्त्रीय नाही म्हणजे परीक्षकांचं म्हणणं मानलं, अवघड आहे म्हणजे आपली तयारीही दिसेल, असा तिचा हिशेब. बाईंनाही गाणं पसंत होतं. कोणीच विरोध केला नाही.

अडचण गाण्याच्या बांधणीत होती. या गाण्याच्या अंतऱ्यांच्या चाली एकसारख्या नाहीत. खळ्यांनी प्रत्येक अंतऱ्याला वेगळी वाट दिली आहे, आणि गाण्याची सगळी श्रीमंती तीच आहे : दर वेळी नव्या दिशेने जाऊन मुखड्यावर परत येणं. अडीच मिनिटांत एकच अंतरा बसतो. एक अंतरा गायला की हे गाणं इतर कुठल्याही गाण्यासारखं होतं. वर संयोजकाने ठेवला पहिला अंतरा, तिने जीव ओतला होता दुसऱ्याच एकावर. हे तिला कळलं तालमीच्या दिवशी.

सूर अर्ध्याने उतरवून मागितला, मिळाला. गाणं झालं रात्री फार उशिरा. ऐकायला वाईट नव्हतं. वरच्या जागी आवाज बारीक झाला, तो झाकायला तिने थोडी घाई केली. परीक्षक म्हणाले, "सुरेल झालं. पण दीदींचं गाणं घेतलंस की आम्ही तेच शोधायला लागतो." प्रेक्षकांची मतं आली आणि ती डेंजर झोनमध्ये गेली. वाचली, पण थोडक्यात.

लगेच पुढच्या भागाचा विषय आला : हृदयनाथ मंगेशकर विशेष.

इथे मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगते. अवघड गाणं आणि सोपं गाणं ही वाटणी स्पर्धेत फारशी उपयोगाची नाही. खरी वाटणी निराळी आहे. काही गाणी एका आवाजात गोठलेली असतात. तिथे ध्वनिमुद्रिका हेच गाणं. श्रोत्याला श्वास कुठे घेतला आहे तेही पाठ असतं, आणि तुम्ही तो दुसरीकडे घेतलात तर त्याला चुकल्यासारखं वाटतं. दुसरी गाणी मुळातच अनेक गळ्यांतून आलेली असतात : अभंग, गवळण, नाट्यपद, कोळीगीत. वसंतरावांच्या पदात नवा गायक स्वतःच्या ताना घालतो आणि लोक त्याच ऐकायला बसलेले असतात. भावगीताला ती मुभा आपण श्रोत्यांनीच दिलेली नाही. त्यामुळे भावगीत गाणारी मुलगी फार तर बरोबरी करते. त्याहून वर जायला तिला जागाच नसते.

आणि हृदयनाथ विशेष म्हणजे लता आणि आशा. बहुतेक सगळी गाणी या दोन आवाजांत गोठलेली. शिवाय अमीर खाँसाहेबांचा शिष्य असलेल्या या संगीतकाराच्या चाली खालपासून वरपर्यंत हिंडतात. सूर उतरवला तर वरचं सोपं होतं आणि खालचं ऐकू येईनासं होतं.

समोरचे पर्याय

चार माणसं, चार गाणी.

बाईंचं म्हणणं 'अवचिता परिमळू' घे. ज्ञानेश्वरांची रचना, विस्ताराला जागा आहे, तुझ्या तालमीला साजेसं. तिला ते पटत होतं आणि नकोही होतं. फोनवर म्हणाली, "मावशी, तू सांग. बाई म्हणतात अभंग घे. पण परत अभंग घेतला तर म्हणतील हिला दुसरं काही येतच नाही."

"तुला काय गावंसं वाटतंय?"

"सुन्या सुन्या. पण ते आवडतं म्हणून गावंसं वाटतंय की जमतं म्हणून, तेच कळत नाहीये."

स्पर्धा बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा प्रश्न पडतो, गाणाऱ्यांपैकी त्याहून थोड्यांना.

क्रिएटिव्ह टीमकडून सूचना होती 'वादळवारं सुटलं गो'. शांता शेळक्यांचं कोळीगीत, ठेका चढा, मागे कोरस, नर्तक, कोळी वेश. वर गाजर असं की हे घेतलं तर भागातला शेवटचा क्रमांक मिळेल. शेवटी गाणारा मत देताना आठवतो, हे सगळ्या स्पर्धकांना ठाऊक असतं. व्हर्सटॅलिटीची मागणीही परस्पर पूर्ण होणार होती.

मी सुचवलं 'जिवलगा राहिले रे दूर घर माझे'. आशाबाईंचं, तेही शांताबाईंनीच लिहिलेलं. माझं कारण साधं होतं. हे गाणं थकलेल्या माणसाचं आहे, आणि तिच्या आवाजातलं खालचं वजन तिथे कामाला आलं असतं. आशाबाईंच्या गाण्यांना थोडी जास्त मोकळीक मिळते असंही माझं निरीक्षण आहे. लताबाईंच्या गाण्यात श्रोता स्वर मोजतो, आशाबाईंच्या गाण्यात भाव शोधतो. याला पुरावा मागू नका, हे ऐकून झालेलं मत आहे.

'मालवून टाक दीप' आणि 'भय इथले संपत नाही' यांचा विचार झाला आणि लगेच सोडला. पहिल्यात वरच्या जागांची तीच अडचण. दुसरं मुळात स्पर्धेत गावं असं तिला वाटेना, आणि ते मला आवडलं.

'सुन्या सुन्या मैफलीत माझ्या' तिच्या मनात होतं त्याची एक बाजू तिला स्वतःला तेव्हा दिसली नव्हती, बाईंनी दाखवली. 'उंबरठा' या १९८२ च्या चित्रपटातली ही सुरेश भटांची गझल. गझलेत प्रत्येक शेर, म्हणजे दोन ओळींची जोडी, आपल्या पायावर उभा असतो. एक शेर काढला तर बाकीचे लंगडे पडत नाहीत. म्हणजे 'श्रावणात'ला ज्या कात्रीने मारलं होतं ती कात्री इथे फार इजा करणार नव्हती. आवाजात गोठलेलं आहे ही अडचण राहतेच, पण कापाकापीची अडचण सुटते. दोनपैकी एक.

यादी आणि निर्णय

तिने यादी अशी लिहिली : एक, जिवलगा. दोन, सुन्या सुन्या. तीन, वादळवारं. 'अवचिता' काढून टाकलं. बाईंना न सांगता काढलं, आणि मग दोन दिवस त्यांच्यासमोर जायला टाळलं. तालमीच्या नात्यात हे छोटं प्रकरण नसतं. स्पर्धा संपेपर्यंत मुलीच्या आयुष्यात बाईंचा अधिकार आणि वाहिनीचा अधिकार असे दोन अधिकार एकमेकांना घासत राहतात.

यादी पाठवली रात्री. सकाळी कळलं की 'जिवलगा' दुसऱ्या स्पर्धकाने आदल्या दुपारीच घेतलं आहे. मग फोन आला, "ताई, दोन आणि तीन दोन्ही उपलब्ध आहेत. आमचं मत तीन. संध्याकाळपर्यंत सांगा."

हा प्रकरणातला मुख्य निर्णय, आणि तो घ्यायला एक दिवसही नव्हता. आईचं मत वादळवारं घे, एकदा नाचगाणं करून टाक म्हणजे मागे लागणार नाहीत. वडील म्हणाले तुला हवं ते. मी सांगितलं की शेवटचा क्रमांक एका आठवड्यापुरता असतो, पण लोकांच्या मनात तुझं काय चित्र बसतं ते पुढेही राहतं. तिने सुन्या सुन्या घेतलं. कारण तिने मला नंतर सांगितलं आणि ते माझ्या कारणापेक्षा बरं होतं : "वादळवारं हे काळजीचं गाणं आहे, मावशी. नवरा वादळात होडी घेऊन गेलाय. आणि मला मागे वीस जणांना नाचवायचं होतं."

एकदा ठरल्यावर तिने 'श्रावणात'च्या वेळी न केलेल्या दोन गोष्टी केल्या. कोणते दोन शेर हवेत ते संयोजकाला स्वतः लिहून कळवलं, तालमीची वाट न बघता. आणि सूर ठरवण्यासाठी सकाळच्या ताज्या आवाजावर विसंबली नाही. दिवसभर बोलून, दमून, रात्री जेवणानंतर गाऊन बघितलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. चित्रीकरणात आवाज असाच असणार होता.

बाईंचा राग एव्हाना निवळला होता. त्यांनी तिला मूळ ध्वनिमुद्रिका ऐकायला सक्त बंदी केली. "तुझ्या कानात ती आहेच, आणखी भरू नको." त्याऐवजी शेर नुसते वाचायला लावले, मोठ्याने, न गाता. या गझलेत 'आहे' हा रदीफ आहे, प्रत्येक शेर त्याच शब्दावर येऊन टेकतो. दर वेळी तो तसाच टेकला तर अडीच मिनिटांतही कंटाळा येतो. पहिल्या वेळी 'आहे'मध्ये आशा, दुसऱ्या वेळी शंका, शेवटी नुसती नोंद, असा काहीसा खेळ त्यांनी बसवून घेतला. हरकती, म्हणजे सुरांचे छोटे वळसे, मुद्दाम कमी केल्या. ज्या जागा सगळ्यांना पाठ आहेत तिथे सरळ सूर लावायचा आणि आपलं वजन शब्दावर टाकायचं. या गाण्यात एवढ्याच बाबतीत बरोबरीच्या पलीकडे जाणं शक्य होतं.

काय झालं

चित्रीकरणाला मी हजर होते. गाणं चांगलं झालं. वरच्या जागी आवाज बारीक झालाच, पण या वेळी तिने घाई केली नाही, बारीक आवाजातच थांबली. एक परीक्षक म्हणाले, "शब्द ऐकू आले." दुसरे म्हणाले, "लतादीदींची आठवण झाली."

हे दुसरं वाक्य मी अनेक वर्षं टीव्हीवर ऐकत आले आहे. ते कौतुक म्हणून म्हटलं जातं, गाणारा वाकून नमस्कार करतो, टाळ्या पडतात. पण गाणं चालू असताना श्रोत्याला दुसऱ्याची आठवण होते याचा अर्थ त्या वेळी तो तुम्हाला ऐकत नव्हता. तिलाही ते कळलं. नमस्कार तिने केला, चेहरा मात्र पडला, आणि प्रक्षेपणात तो चेहरा 'भावुक क्षण' म्हणून दाखवला.

प्रक्षेपणाचं आणखी एक. दुसऱ्या शेराआधी तिने घेतलेली लहानशी आलापी निम्मी कापली गेली, उरलेली निम्मी परीक्षकांच्या माना डोलण्यावर दाखवली. घरी बसून मत देणाऱ्याने जे ऐकलं ते आम्ही स्टुडिओत ऐकलेलं गाणं नव्हतं. "गाणं चुकलं" म्हणणाऱ्यांनी हे एकदा तरी लक्षात घ्यावं.

ती सुरक्षित राहिली. 'वादळवारं' दुसऱ्या मुलीने घेतलं, कोळी नृत्यासकट, आणि भागाच्या जाहिरातीत आठवडाभर तेच वाजत होतं. कोणाला किती मतं पडली हे कार्यक्रम सांगत नाही, त्यामुळे कोणाची निवड बरोबर होती हे आकड्याने ठरवता येत नाही.

पुढचा आठवडा लोकसंगीताचा. यादी करताना कोणाला विचारावं लागलं नाही. एकनाथांची गवळण, 'वारियाने कुंडल हाले'. तिने लहानपणी घराजवळच्या भजनी मंडळात ऐकलेली. संयोजकाला सांगून ढोलकी मागे ठेवली, टाळ आणि पखवाज पुढे. या गाण्याला 'मूळ' आवाज नाही. तिने एक ओळ तीनदा फिरवली, तिन्ही वेळा निराळी, आणि पूर्ण वेळ आवाज जिथे भरदार आहे तिथेच राहिली. परीक्षकांपैकी कोणालाही कोणाची आठवण झाली नाही. स्पर्धेतलं तिचं ते सर्वांत चांगलं गाणं.

त्यानंतरच्या आठवड्यात ती बाहेर पडली. विषय होता ठेक्यावरची चित्रपटगीतं. तिच्या यादीतली पहिली दोन गाणी हक्कांमुळे बाद झाली, तिसरं आधीच गेलेलं होतं, आणि टीमने 'नटरंग'मधलं 'वाजले की बारा' दिलं. २०१० च्या त्या चित्रपटातली बेला शेंडेची लावणी, अस्सल ठसक्याची. हिच्या गळ्यात तो ठसका नाही. तिने तो आणण्याचा प्रयत्न केला आणि सगळ्यांना प्रयत्न दिसला.

वेगळं काय करता आलं असतं

'श्रावणात'चा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो परीक्षकाच्या एका वाक्याला उत्तर म्हणून घेतला गेला. परीक्षक तीन. दुसऱ्या दोघांनी त्या भागात विविधतेबद्दल काही म्हटलंच नव्हतं. भावगीताच्या आठवड्यातही अनेक गळ्यांतून फिरलेली गाणी सापडली असती, किंवा निदान कापल्यावर टिकणारी. तिने गाणं निवडलं ते पूर्ण गाणं म्हणून. स्पर्धेत पूर्ण गाणं कोणीच गात नाही. यादी लिहायच्या आधी प्रत्येक गाणं मुखडा आणि एका अंतऱ्यात गाऊन बघितलं असतं तर ते गाणं यादीत खाली सरकलं असतं.

यादीच्या वेळेबद्दल. 'जिवलगा' गेलं ते चर्चेत. बाई, आई, वडील, मी, सगळ्यांना विचारून होईपर्यंत रात्र झाली, आणि दुसरी मुलगी दुपारीच मोकळी झाली होती. संगीतकार विशेष, दशक विशेष, भावगीत, लोकसंगीत, चित्रपटगीत हे विषय दर पर्वात फिरून येतात. स्पर्धेत शिरण्याआधी प्रत्येकाची पाच-पाच गाणी, सूर आणि अंतऱ्यासकट, कागदावर तयार ठेवणं अशक्य नाही. शेवटच्या आठवड्यातली वाताहत तरी टळली असती. यादीतली तीन गाणी बाद झाली तेव्हा चौथं तिच्याकडे नव्हतं, म्हणून ते दुसऱ्या कोणीतरी ठरवलं.

'सुन्या सुन्या' घेतलं ते बरोबर होतं का? मला वाटतं, हातात असलेल्या दोनपैकी बरोबर होतं. पण तिसरा मार्ग होता आणि तो कोणीच मागितला नाही : 'वादळवारं', नर्तकांशिवाय. वाट बघणाऱ्या बाईचं गाणं म्हणून, ठेका अर्धा करून, एकटीने. कोळीगीत असल्यामुळे ते स्नेहसंमेलनांपासून वरातींपर्यंत शेकडो गळ्यांतून गेलेलं आहे. लताबाईंचं असूनही त्याभोवती तसं सोवळं नाही. तिला गाण्याचा अर्थ नेमका दिसला होता. टीमचा प्रस्ताव मात्र तिने एक गठ्ठा म्हणून बघितला, घ्यायचा किंवा नाकारायचा. गाणं घेते पण नाच नको, असं एका स्पर्धकाने म्हणायला बरंच बळ लागतं, आणि टीमने ते मानलं असतं याची खात्री नाही. कदाचित शेवटचा क्रमांक गेला असता. विचारायला हवं होतं.

बाईंशी न बोलता 'अवचिता' काढलं, त्याचा निकालावर परिणाम झाला नाही, पण तालमीचे दोन दिवस गेले. अशा स्पर्धेत दोन दिवस म्हणजे पुष्कळ. याउलट ध्वनिमुद्रिका ऐकण्याची बंदी मात्र मी कोणत्याही स्पर्धकाला सुचवेन, विशेषतः गोठलेलं गाणं गाणाऱ्याला.

गवळण आणखी आधी यायला हवी होती असं काही जण म्हणतात. विषय वाहिनी ठरवते, त्यामुळे हे तिच्या हातात नव्हतं. पण सुरुवातीच्या खुल्या फेरीत नाट्यपदाऐवजी गवळण आली असती तर तिची ओळख 'शास्त्रीय गाणारी मुलगी' अशी न होता वेगळी झाली असती, आणि व्हर्सटॅलिटीचं ते वाक्य कदाचित आलंच नसतं. ही शक्यता आहे, एवढंच.

आता तिचे स्वतंत्र कार्यक्रम होतात. आयोजक गवळण आवर्जून मागतात, 'सुन्या सुन्या'ही अधूनमधून. 'वादळवारं' ती स्वतःहून गाते, पांढरी पाचमध्ये, नुसत्या पेटी-तबल्यावर, संथ. पहिल्या ओळीला लोक गप्प असतात. गाणं ओळखलं की ठेक्यात टाळ्या सुरू होतात, आणि लय चढते. तबलजी तिच्याकडे बघतो. काही वेळा ती टाळ्यांबरोबर जाते, काही वेळा हात वर करून थांबवते, आणि दुसऱ्या प्रकाराने आयोजक नाराज होतात.